कंसाबाहेरचा वर्ग

माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे तर आपले गणित पक्के हवे, बाकीचे ओघाने येते, अशी माझी समजूत होती. ती घेऊनच मी २०२२ साली शिवाजी विद्यापीठातून गणितात एम. एस्सी. झाले आणि बी. एड.साठी अर्ज भरला. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढले, तिथल्या शाळेत मी दहावीला असताना दिवाळीपर्यंत भूमितीला शिक्षकच नव्हते. पायथागोरसचे प्रमेय मला शेजारच्या, नुकत्याच बारावी झालेल्या ताईने त्यांच्या ओट्यावर बसून शिकवले. आपण शिक्षक व्हायचे, आणि शहरातल्या शिकवणीवर्गात नव्हे तर अशाच एखाद्या शाळेत व्हायचे, हे त्या ओट्यावर ठरले होते. त्यामुळे बी. एड.ची दोन वर्षे मला नोकरीआधीची एक औपचारिकता वाटत होती. त्या दोन वर्षांत नेमके काय झाले ते इथे लिहीत आहे.

प्रवेशाचा भाग थोडक्यात सांगते. बी. एड.ची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, ऑगस्टमध्ये झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तिचे तीन भाग असतात. ज्या विषयाचे तुम्ही शिक्षक होणार त्या विषयाचा एकही प्रश्न त्यांत नसतो. त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, महाविद्यालयांचा पसंतिक्रम आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या झाल्या. आमचे वर्ग प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. गणित आणि सामान्य विज्ञान या माझ्या दोन अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायला शिकण्याचे विषय, ठरल्या.

पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. महाराष्ट्रातल्या डी. एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि २०१२ साली त्या आयोगाने शिक्षक प्रशिक्षणाचा कालावधी वाढवण्याची शिफारस केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार २०१५-१६पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात २० आठवड्यांचा शालेय अनुभव बंधनकारक झाला. हा इतिहास मी मुद्दाम सांगते आहे, कारण पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गातले बहुतेक जण, मीही त्यांतच, दुसऱ्या वर्षाला वाया जाणारे वर्ष म्हणत होतो.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने झाली. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आलेली ही पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक बी. एड. महाविद्यालयात आजही रुजलेली आहे. अध्यापनाचे सुटे सुटे तुकडे करायचे आणि एका वेळी एकाच कौशल्याचा सराव करायचा, ही तिची कल्पना. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणे), प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, प्रबलन (उत्तराला दाद देणे), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणे), फलकलेखन अशी त्या कौशल्यांची नावे. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, सहा मिनिटांचा पुनर्पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे एक चक्र होते. समोर आपलेच आठ-दहा सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात आणि एक जण मागे निरीक्षण तक्ता भरतो.

या सरावाचा मला खरोखर उपयोग झाला. वर्गाला पाठ न दाखवता तिरपे उभे राहून सरळ ओळीत लिहिणे, फळ्याचे मनातल्या मनात तीन भाग पाडून आकृतीची जागा राखून ठेवणे, दोरी आणि खडू घेऊन एका फटक्यात वर्तुळ काढणे, ‘समजले का?’ या निरर्थक प्रश्नाची सवय मोडणे, हे सारे मी तिथे शिकले. मात्र त्यातली उणीव माझ्या फार उशिरा लक्षात आली. विद्यार्थी होऊन बसलेले आम्ही सगळे पदवीधर होतो. ‘या त्रिकोणाचे शिरोलंब किती?’ असे विचारले की एकमेकांचा पाठ सुरळीत पार पडावा म्हणून आम्ही तत्परतेने बरोबर उत्तर देत असू. त्यामुळे सूक्ष्म अध्यापनात शिक्षकाचा हात आणि आवाज तयार होतो, कान तयार होत नाही, असे माझे मत झाले आहे.

याच त्रुटीचे दुसरे रूप पाठ टाचणात होते. टाचण म्हणजे पाठाचे लेखी नियोजन. उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, पूर्वज्ञान, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय असा त्याचा क्रम असतो आणि विवेचनाच्या पानावर शिक्षक कृती, विद्यार्थी कृती आणि फलकलेखन असे तीन रकाने आखलेले असतात. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आम्ही अपेक्षित उत्तर लिहायचो, आणि ते अर्थातच नेहमी बरोबर असायचे. चाळीस मिनिटांच्या तासात एकही मूल चुकत नाही, अडखळत नाही, ‘बाई, पण का?’ असे म्हणत नाही, अशी शेकडो टाचणे दरवर्षी लिहिली, तपासली आणि कपाटात ठेवली जातात. आधीच्या तुकडीच्या फायली हातोहात फिरत असत आणि कित्येकांची टाचणे त्यांवरून जशीच्या तशी उतरवलेली असत. हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक होते आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते. मला या गोष्टीचा तेव्हाही राग येई आणि आजही येतो, कारण ज्या माणसाने पुढे मुलांना ‘एकमेकांचे पाहून लिहू नका’ असे सांगायचे आहे, त्याचे प्रशिक्षण उतरवून काढलेल्या वह्यांवर उभे राहता कामा नये.

गणित अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापिकेने माझे चौथे टाचण सही न करता परत दिले. मधल्या रकान्यावर पेन्सिलने फुली मारून त्या म्हणाल्या, “प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली मुले देऊ शकतील अशी तीन चुकीची उत्तरे लिहून आणा. आणि प्रत्येकापुढे, मुलाला तसे का वाटले असेल, हे लिहा.” मी रात्री उशिरापर्यंत बसले आणि मला एकाही प्रश्नाखाली तीन चुकीची उत्तरे सुचली नाहीत. एम. एस्सी.ला आम्ही वास्तव विश्लेषणातील सिद्धता लिहीत होतो. सांतत्य आणि एकसमान सांतत्य यांतला भेद मला झोपेतून उठवले तरी सांगता आला असता. पण आठवीतल्या मुलाला शिरोलंबाबद्दल कोणता चुकीचा विचार सुचू शकतो, याची मला काडीची कल्पना नव्हती. माझे गणित पक्के होते आणि म्हणूनच मुलांची वाट मला दिसत नव्हती.

पहिल्या वर्षी चार आठवडे शाळेत पाठ घ्यायचे होते. माझा पहिला पाठ आठवीच्या ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ या प्रकरणावर होता. लघुकोन त्रिकोण झाला, काटकोन त्रिकोण झाला, आणि मी विशालकोन त्रिकोण काढून त्याचा पाया तुटक रेषेने वाढवला व शिरोबिंदूपासून त्यावर लंब टाकला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, हा शिरोलंब नाही, हा त्रिकोणाच्या बाहेर आहे.” मी तिला व्याख्या पुन्हा वाचून दाखवली आणि पुढे गेले. पाठ संपल्यावर निरीक्षकांनी शेऱ्यात लिहिले होते, “तिचे म्हणणे या तासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. आपण ते ऐकले नाही.” खाली आणखी एक ओळ होती. प्रश्न विचारल्यावर मी सरासरी किती वेळ थांबले, ते त्यांनी घड्याळ लावून मोजले होते. ते दीड सेकंद होते.

त्या शेऱ्यामुळे मी ग्रंथालयात जाऊन मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेच्या कामाविषयी वाचले. १९७०च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. तोच अवधी तीन सेकंद किंवा अधिक केला की मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. पुढच्या पाठात मी मनात एक ते चार आकडे मोजू लागले. ते चार आकडे मला पहिल्या आठवड्यात असह्य वाटत होते, कारण त्या शांततेत मला काही येत नाही असे मुलांना वाटेल अशी भीती होती. पण थांबणे सवयीचे झाले आणि शेवटच्या बाकांवरून पहिल्यांदा हात वर येऊ लागले.

एका मैत्रिणीने फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणासाठी माझा पाठ निवडला. या पद्धतीत दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे ते दहांपैकी एका प्रकारात नोंदवतात; सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा अथवा गोंधळाचा. पंधरा मिनिटांच्या ३०० नोंदींपैकी मुलांच्या बोलण्याच्या नोंदी ४१ होत्या, आणि त्यांतही स्वतःहून बोललेल्या फक्त ३. परीक्षेसाठी पाठ केलेला तक्ता आपल्यावरच लावला की तो असा बोलू लागतो.

लेखी विषयांपैकी काही मी केवळ परीक्षेपुरते वाचले, हे कबूल करते. बाल्यावस्था व वाढ, अध्ययनासाठी मूल्यमापन, लिंगभाव व शाळा, समावेशक शाळा या विषयांत महत्त्वाचे पुष्कळ होते, पण एका तासात पियाजे, ब्रूनर आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या व्याख्या लिहून घेतल्या की कोणाचेच म्हणणे मनात उतरत नाही. व्हॅन हील दाम्पत्याचे काम मात्र माझ्या हाताला लागले. पिएर व्हॅन हील आणि डिना व्हॅन हील-गेल्डॉफ हे नेदरलँड्समधले गणिताचे शिक्षक. भूमितीचा विचार टप्प्याटप्प्याने वाढतो, असे त्यांनी १९५७च्या आपल्या प्रबंधांत मांडले. पहिल्या टप्प्यावरचे मूल आकृती तिच्या एकूण रूपावरून ओळखते, नंतर तिचे गुणधर्म पाहते, मग गुणधर्मांतले संबंध लावते आणि त्यानंतर सिद्धतेकडे येते. मी एका वर्गात कागदी चौरस एका कोपऱ्यावर उभा धरून विचारले तेव्हा अर्धा वर्ग म्हणाला, “शंकरपाळी!” तो आडवा धरला की तेच सगळे ‘चौरस’ म्हणत. ही मुले रूपाच्या टप्प्यावर होती आणि मी त्यांना पक्ष, साध्य, सिद्धता लिहायला लावत होते. त्रिकोणाबाहेरच्या शिरोलंबाला नाकारणारी ती मुलगीही याच टप्प्यावर होती. तिच्या मनात शिरोलंबाचे एक चित्र होते आणि माझी आकृती त्यात बसत नव्हती. व्याख्या पुन्हा वाचून ते चित्र बदलणार नव्हते. त्रिकोणाच्या वरच्या टोकाला ओळंबा बांधून, ते टोक हळूहळू बाजूला सरकवत नेत, ओळंबा पायाच्या बाहेर कधी पडतो हे तिला स्वतःला पाहू द्यायला हवे होते. दुसऱ्या तुकडीत मी ते केले.

भाषेचा प्रश्न यालाच जोडून येतो. आज आपल्याकडच्या अनेक मराठी शाळांत सेमी इंग्रजीची तुकडी असते आणि तिथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मी स्वतः शाळेत मराठीतून आणि महाविद्यालयात इंग्रजीतून गणित शिकले, त्यामुळे दोन्ही शब्द मला ठाऊक आहेत. ‘शिरोलंब’ या शब्दात शिर आहे आणि लंब आहे. शब्द फोडला की व्याख्या हाताशी येते. ‘मध्यगा’ म्हणजे मध्याकडे जाणारी, ‘लंबदुभाजक’ म्हणजे लंब असून दोन भाग करणारा. सेमीच्या मुलाला ‘अल्टिट्यूड’ आणि ‘मीडियन’ हे दोन शब्द पाठ करावे लागतात आणि कोणता कुठला, हे तो शेवटपर्यंत विसरतो. इंग्रजीला माझा विरोध नाही. पुढे विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलांना ती लागते. पण सेमीच्या तासाला मी प्रत्येक संज्ञा आधी मराठीतून फोडून सांगत असे, आणि ‘वेळ जातो’ अशी सूचना मला झाली तरी मी ते सोडले नाही.

दुसऱ्या वर्षीची १६ आठवड्यांची आंतरवासिता ऊसपट्ट्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात झाली. परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत थांबायचे, रजेवरच्या शिक्षकांचे तास घ्यायचे, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका संविधान तक्त्यासह (कोणत्या घटकाला किती गुण, हे दाखवणारा तक्ता) काढायची, पालकसभेला बसायचे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी कशा ठेवतात ते पाहायचे, असे सगळे त्यात होते. माझ्याकडे नववी ‘ब’ चे गणित आले. मार्गदर्शक शिक्षिका तीस वर्षे शिकवत होत्या आणि पहिल्याच दिवशी मला आपली जागा देऊन त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलांचे काही चुकले की त्या मध्ये बोलत नसत, फक्त माझ्याकडे पाहत असत.

दिवाळीनंतर वर्गात बीड जिल्ह्यातला एक मुलगा आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला आले होते आणि गावाबाहेरच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, ते राहत होते. आठवड्यातले दोन दिवस तो येत नसे, कारण लहान भावंडाला सांभाळायला कोणी नसे. ‘गुणोत्तर व प्रमाण’ प्रकरणात मी त्याला त्याच्याच कामातले उदाहरण विचारले. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दीड टन तोडते असे तो म्हणाला होता. मग अकरा कोयत्यांना १३२ टनाला किती दिवस लागतील, असे मी विचारले. इतरांनी वहीत रेघ मारायच्या आत तो “आठ” म्हणाला. अकरा कोयते साडेसोळा टन, दोन दिवसांत तेहतीस, चार दिवसांत सहासष्ट, असे त्याने तोंडी दुप्पट करत नेले होते. त्याच धर्तीचे उदाहरण चाचणीत आले तेव्हा त्याने फक्त उत्तर लिहिले, आणि पायऱ्यांना गुण असल्यामुळे नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे त्याला तीनपैकी एकच गुण मिळायला हवा होता. मी मार्गदर्शक शिक्षिकांना विचारले. त्या म्हणाल्या, “त्याला बोलवा, तोंडी सांगायला सांगा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच हाताने लिहून घ्या.” मधल्या सुट्टीत त्याने दुपटीच्या चार ओळी लिहिल्या. मी त्याला तीन गुण दिले. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि तो परत गेला. पुढे दहावीला त्याने कुठे नाव घातले ते मला समजू शकले नाही, आणि त्याची आठवण मला अजून अस्वस्थ करते.

याच वर्गावर मी कृतिसंशोधन केले, म्हणजे वर्गातली एक अडचण घेऊन तिच्यावरचा उपाय करून तपासला. ‘बहुपदी’ शिकवताना माझ्या लक्षात आले, की सातवीत वर्गविस्ताराचे सूत्र शिकूनही पुष्कळ मुले ए अधिक बी या कंसाचा वर्ग ए वर्ग अधिक बी वर्ग असाच लिहितात. हजर असलेल्या ३८ पैकी २३ जणांनी तसे लिहिले होते. आपल्याकडे या चुकीवर ठरलेला उपाय आहे, सूत्र दहा वेळा लिहिणे. मी तो केला नाही; प्राध्यापिकेच्या त्या पेन्सिलच्या फुलीची आठवण ठेवून मी आधी तेवीसही मुलांना एकेक करून मधल्या सुट्टीत विचारले, की तुला हे असे का वाटले. याला जवळजवळ दोन आठवडे लागले. काही जण गप्प राहिले, काहींनी ‘विसरलो’ म्हटले. पण चौदा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच कारण दिले, आणि एका मुलाने ते असे सांगितले: “बाई, कंसाबाहेरचं आतल्या सगळ्यांना मिळतंय की. तीन बाहेर असला तर तीन ए, तीन बी. मग वर्ग बाहेर आहे तर ए चा वर्ग, बी चा वर्ग.”

त्या दिवशी मी बराच वेळ स्टाफरूममध्ये नुसती बसून होते. मुलाने सांगितलेला नियम खोटा नव्हता. तो वितरणाचा नियम होता, आम्हीच शिकवलेला आणि त्याने मनापासून समजून घेतलेला. शिवाय ए गुणिले बी या कंसाचा वर्ग केला तर तो आतल्या दोघांना खरोखर मिळतो. एका ठिकाणी खरा असलेला नियम त्याने जिथे तो लागू नाही तिथे नेला होता. जो मुलगा काहीच विचार करत नाही असे माझ्या तोंडून त्याच आठवड्यात निघून गेले होते, तो विचार करत होता.

मग उपाय त्या विचारालाच धरून आखला. आधी ए म्हणजे तीन आणि बी म्हणजे चार घेऊन दोन्ही बाजू काढायला लावल्या. एकीकडे ४९ आले आणि दुसरीकडे २५. उरलेले २४ गेले कुठे, हा प्रश्न फळ्यावर दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने सात सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस घेऊन त्याचे तीन आणि चार असे भाग पाडून चार तुकडे कापले. दोन चौरस बाजूला काढल्यावर हातात तीन बाय चारचे दोन आयत उरले, आणि कोणीतरी ओरडले, “हे बघा चोवीस!” त्यानंतरच्या चाचणीत चूक करणारे ९ जण राहिले. एका महिन्याने मी न सांगता पुन्हा तीच चाचणी घेतली, तेव्हा ते १४ झाले होते. शिवाय घन विस्तारात काही जणांनी मध्ये ‘दोन एबी’ टाकून दिले होते. म्हणजे त्यांच्यासाठी कागदाचे तुकडे विरून गेले होते आणि फक्त ‘दोन एबी’ हा मंत्र उरला होता.

ही दुसरी चाचणी अहवालात लिहायची की नाही, यावर माझी दोन रात्री घालमेल झाली. २३वरून ९ हा निष्कर्ष अहवालाला शोभणारा होता आणि आसपासचे बहुतेक अहवाल तसेच संपत होते. प्राध्यापिकांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की चौदाचा आकडा काढून टाकलात तर तुमच्याकडे शिकण्यासारखे काही उरणार नाही. मी तो ठेवला, आणि उजळणी किती दिवसांनी व कोणत्या रूपात हवी याबद्दल दोन पाने वाढवली.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी बी. एड. पुन्हा एका वर्षाचे करण्याची तरतूद आहे. माझ्यासारख्या, घरून आणखी दोन वर्षे खर्च मागणे कठीण असलेल्या मुलामुलींना ते सोयीचे वाटेल, आणि त्यांची अडचण मी जाणते. तरीही माझा अनुभव असा, की पहिले वर्ष माझ्यातली प्राध्यापकी उतरवण्यात गेले आणि शिकवायला मी दुसऱ्या वर्षाच्या सोळा आठवड्यांत लागले. एका वर्षात हे सारे बसवायचे तर व्याख्या आणि फायली कमी कराव्यात. शाळेतले आठवडे कमी करू नयेत.

२०२४ साली अंतिम परीक्षा झाली. नोव्हेंबरमधल्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर मी दिला, कारण सहावी ते आठवीला शिकवायचे तर तो उत्तीर्ण लागतो. २०२५च्या उन्हाळ्यात शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिली. २०० प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. तीत मिळालेल्या गुणांवर ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून निवड होते आणि निवड झाली की पहिली तीन वर्षे माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला दरमहा १८,००० रुपये मानधन असते. घरचे विचारतात, एम. एस्सी. करून एवढेच का. मी त्यांना हिशेब दाखवत नाही. शेजारच्या ताईच्या ओट्याची आठवण करून देते.

सध्या मी एका शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, आठवी आणि नववीला शिकवते. टाचणात आता मी चौथा रकाना आखते आणि तो तासाआधी नव्हे, तासानंतर भरते. मुले जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत त्यात लिहिते. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, की ऋण पाचचा वर्ग पंचवीस होतो तर वर्गमुळातून ऋण पाच कुठे जातो. मला उत्तर माहीत होते. मी मनात चार आकडे मोजले आणि तिला विचारले, “तुला काय वाटते, कुठे जात असेल?” ती अजून विचार करते आहे, आणि सोमवारी तो तास पुन्हा आहे.